घट

कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत, मासळीच्या कारखान्यामागे
पत्र्याचं गोदाम, आत एकोणतीस पिंपं.
दर तिमाहीला मी अबकारीची वही घेऊन येते.
वहीत एक रकाना आहे : घट.
मागे किती होतं, आता किती उरलं.
गेलेलं कुठे गेलं, त्याला रकाना नाही.

इथल्या उकाड्यात पिंप
वर्षाला जवळजवळ दहावा हिस्सा हवेला देऊन टाकतं.
थंड मुलखात बारा वर्षं लागतात ते इथे चारात उरकतं,
आणि पत्र्याखाली उभं राहिलं की
आपणही थोडे उरकत असतो.

यंदा ओल इतकी चढली की खडूनं लिहिलेलं उतरलं.
सोळा आणि सतरा.
एकात ब्रँडी, एकात व्हिस्की,
कुठल्यात काय, ते सांगणारा मुकादम दुबईला.
मालकानं तेव्हा काटकसर केलेली :
मक्याची दारू मुरवून झालेली, आतून जाळलेली
अमेरिकी पिंपं, एकाच कंटेनरमधली, दोघांनाही.
तेच लाकूड, तोच कोपरा, तीच सहा वर्षं.
रंग दोन्हीचा काकवीचा.
तन्वेशनं नळीत काढून मोजलं,
"मॅडम, एका पॉइंटचा फरक."
आकड्यावरून कूळ कळत नाही.

म्हणून बोस्त्यांवला बोलावलं.
पिंपांच्या कड्या ठोकणारा, गळती बुजवणारा,
अकरा वर्षं घोट न घेतलेला माणूस.
बापाची काजूची भाटी होती त्याच्या,
फेणी काचेच्या गराफांवात राहायची,
"आणि काच कोणाला कायच शिकवत नाय, बाय."

त्यानं उजव्या तळहातावर सोळा घेतली, डाव्यावर सतरा.
मुठी मिटल्या. उघडल्या.
"पयलो वास लाकडाचो. व्हॅनिला, मध, जळकं,
ती दोगांनी केलेली उधारी.
उडून जांव दी."
बाहेर मासळीचा ट्रक पीं पीं करत मागे येत राहिला.
आम्ही तिघं उधारी फिटायची वाट बघत उभे.

द्राक्षाला फार समजवावं लागत नाही.
नाशकाहून निघतं तेव्हाच गोड,
सालीवर स्वतःचं खमीर घेऊन, बिघडायला तयार.
ब्रँडी व्हायच्या आधी त्याला
वाईन म्हणून एक अख्खं आयुष्य मिळतं.
सातूचं तसं नाही.
दाणा भिजवायचा, त्याला वाटू द्यायचं की पेरलंय,
कोंब डोकावला की गरम हवेत वाळवून
तिथंच थांबवायचा.
त्या अडवलेल्या उगवण्यातून साखर,
साखरेतून आंबलेली पेज,
पेजेतून ती.

बोस्त्यांवनं उजवा हात पुढे केला.
मी सरकारी बाई, तरी वाकले.
मनुका. डब्याच्या तळाला चिकटून राहिलेल्या,
आणि त्यांच्या देठांचा किंचित तुरटपणा.
मग डावा.
काही नाही.
काही नाही.
आणि मग पीठ. सातूचं.
डिचोलीत शाळेतून आल्यावर
आई गुळाच्या पाण्यात कालवून द्यायची, ते.
सकाळी दाणे भाजलेले असायचे,
दप्तरालासुद्धा तो वास लागायचा.

"सतरा व्हिस्की," मी म्हणाले.
बोस्त्यांव पँटीला हात पुसत राहिला.
"बरी गजाल. म्हाका लाकडापलीकडचं कळत नाय आता.
कोविडानं नेलं.
मालकाक सांगू नका."

तन्वेशनं ऑइलपेंट आणला, आकडे जाड काढले.
मी घट भरली : सोळाची अधिक, सतराची थोडी कमी,
का, ते विचारायला कुणी नव्हतं.
शेऱ्यात लिहिलं, 'वासावरून'.
तन्वेश म्हणाला, असं चालत नाही.
खोडलं.
'प्रत्यक्ष पाहणीअंती' लिहून
खाली सही केली.