जागा

पलंग खिडकीकडे सरकवला तेव्हा
फरशीवर चार गोल डाग उरले,
सहा वर्षं एकाच ठिकाणी उभं राहिल्याचे.
कपाट आणि पलंग यांच्यामध्ये
आता तीन फूट दोन इंच.
मी टेप दोनदा लावला. अंबडच्या कारखान्यात
दिवसभर हेच करतो मी, पार्ट मोजतो,
पास किंवा रिजेक्ट, खाली सही.
इथे सही कुठे करायची कळेना.

आक्का सिन्नरहून फोनवर म्हणाली,
आधी काही आणू नका रे घरात.
लंगोट नको, टोपडं नको, पाळणा तर नकोच.
मी म्हटलं, आणतोय कुठे काय, काढतोच आहोत.
आणि ते खरंच होतं.
निघाली दोन हेल्मेटं, त्यातलं एक बिनकाचेचं,
आहेरातला न उघडलेला डिनर सेट,
द्राक्षांच्या पेट्यांतला फोम,
कशाला तरी लागेल म्हणून ठेवलेला,
घराच्या कर्जाची फुगलेली फाईल,
आणि तेजलचं टेबल.

टेबलाला हात लावला तर ती म्हणाली, थांब.
त्याच्यावर बसून तिने तीनदा पूर्व परीक्षेचा अभ्यास केला,
एकदा मुख्यचा. काचेखाली अजून वेळापत्रक आहे,
पहाटे चार ते सहा : राज्यघटना.
ते वाचून ती हसली.
"पहाटे चारला तसंही उठायचंच आहे.
राहू दे हे. यावरच लंगोट बदलू."
मग पुस्तकं खालच्या कप्प्यात गेली,
आणि मी चारही कोपऱ्यांना
द्राक्षांचा फोम चिकटवला.

छत खरवडताना सापडली ती.
रंगाच्या थरांखाली : पांढरा, पिस्ता, पुन्हा पांढरा,
मग एक निळा, कुणाला आवडला असेल देव जाणे,
आणि सगळ्यात आत चुना.
लोखंडी कडी. स्लॅब भरतानाच सोडलेली.

खालच्या निकुंभकाकू वर आल्या,
मान उंच करून बघत राहिल्या.
सिडकोने घरं दिली तेव्हा इथे गांगुर्डे राहायचे, म्हणाल्या,
नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
दिवसभर नोटा मोजायच्या, आणि संध्याकाळी
इथे बसून दोरी ओढायची.
तीन पोरी मोठ्या झाल्या या कडीला.
थोरली ओझरला असते, तिलाच आता नात आहे.
जिन्यावरून परत वळून म्हणाल्या,
पाळणा आणलात तरी रिकामा हलवू नका हं.

माझा कडीवर विश्वास बसेना.
चाळीस वर्षांचं लोखंड. गंज घासला, तेल दिलं,
आणि पाण्याचा वीस लिटरचा जार
दोरीने बांधून टांगला तिला.
बाळ असेल तीन किलोचं, मी सातपट वजन लावलं.
कारखान्यात दीडपटीवर भागतं.
रात्रभर राहू दे, मी म्हटलं, सकाळी पास.

निफाडला म्हणे पारा पाचवर आला होता.
खिडकीच्या फटीत आम्ही जुनी शाल कोंबली.
बाहेर लिंक रोडवरून कंटेनर गेला
की जार जरासा हले,
आणि रस्त्यावरचा दिवा पाण्यातून वर जाऊन
छतावर पातळ, थरथरता उजेड पाडे,
नेमका तिथे, जिथे मी अजून रंग दिला नव्हता.
दर तासाला उठून मी गाठ चाचपत होतो.
ती डाव्या कुशीवर, डॉक्टरांनी सांगितलंय तशी,
तोंड त्या तीन फूट दोन इंचांकडे.
आम्ही जागा केली होती
आणि दोघंही जागे होतो.

साडेतीनच्या सुमाराला रस्ता गप्प झाला.
पाणी ठरलं. छतही.
मी परत पाय खाली सोडले, तेवढ्यात
तेजलने मनगट धरलं,
आणि अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली,
"नको ना उठूस.
आत्ता कुठे झोपलंय."