अठ्ठ्याऐंशी अंश

झेलेझ्निकीच्या आमच्या शेडमध्ये
हजाराची ऑर्डर कधी येत नाही.
येतात मधपेट्यांची चौदा झाकणं,
डोंगरावरच्या चीजवाल्याच्या टाकीला सहा कंस,
आणि एकदा तर एकच नग:
शाळेच्या घंटेवरचं छप्पर.

चौदा नगांसाठी रोबो कोण लावतं, सगळे म्हणत.
मोहोरिचबाईंनी कर्ज काढलं आणि लावला.
आता साचे तो स्वतःच बदलतो,
रात्री, दिवे मालवल्यावर.

त्याला शिकवायचं काम माझं.
म्हणून तीन आठवडे त्सिरिलच्या मागे उभी राहिले
वही घेऊन,
सासूची आमटी टिपून घेणाऱ्या सुनेसारखी.

'नव्वद अंश हवे तर किती दाबायचं?'
'अठ्ठ्याऐंशी. सोडलं की दोन तो परत घेतो.'
'नेहमी?'
'आज. ह्या गठ्ठ्याला.
उद्याचं उद्याच्या पत्र्याला विचार.'

मोडेन पण वाकणार नाही, हे माणसांचं.
पत्रा वाकतो,
वाकून झाल्यावर जरासा नाही म्हणतो.

मी सगळं टिपलं:
दाब, जाडी, पत्र्यावरच्या रेघांची दिशा,
पत्रा उठताना त्याच्याखाली उठणारे हात,
तो उठेल तेवढेच, ना ढकलत ना ओढत,
आणि शेवटी, खांद्याच्या उंचीवर,
अर्ध्या सेकंदाचा एक थांबा.
त्या थांब्याखाली मी दोनदा रेघ ओढली.
कसब इथेच आहे, अशी माझी खात्री.

रोबोही थांबू लागला.
अदबीने. दर घडीला.

त्सिरिल कॉफी घेऊन बघायला आला
आणि इतका हसला की कप खाली ठेवावा लागला.
'अगं, तो माझा खांदा!
एक्क्याण्णवपासून तिथे कळ येते.
ती जिरेपर्यंत थांबायचो, बस.'

बाईंनी लगेच हिशेब केला:
घडीला अर्धा सेकंद, झाकणाला चार घड्या.
मी एक ओळ पुसली.
रोबोचा हात सरळ वर गेला,
कुठेही न दुखता.

त्सिरिलने झाकणाला गुण्या लावला,
उजेडाकडे धरून पाहिला. फट नव्हती.
'जमलं,' म्हणाला,
आणि खुंटीवरची टोपी काढायला हात वर नेला.
तो खांद्यापाशी थांबला.

मीही थांबले.