निवळी

रात्री अकराला सलाइनच्या नळीचा चिमटा सैल करतो.
एक थेंब. मग बऱ्याच वेळानं दुसरा.
चुन्याची निवळी.
तळाशी साका बसलेला असतो, तो हलवायचा नाही,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
बाबा कोळंबच्या खाडीकाठी शिंपल्या भाजायचे.
भट्टी विझली की उरायचा कळीचा चुना,
पाणी पडताच फसफसून उकळणारा,
आणि बाबा ओरडायचे, तोंड लांब ठेव!

आता तोच चुना पुण्याहून कुरिअरनं येतो,
शुद्ध, डब्यात, झाकणावर धोक्याचं चित्र.
समुद्रापासून दोनशे पावलांवर
ऐंशी लिटर समुद्र पाळायची ही हौस.
कुंदा म्हणते,
"ह्येका पान खाऊक होया काय?"

किनाऱ्यावरचं प्रवाळ मी उचललेलं नाही.
कायदा आहे. शिवाय लाज आहे.
हा तुकडा टाकीतच वाढलेला, नखाएवढा,
कुडाळच्या पेडणेकरांनी दिला
त्यांची टाकी मोडली तेव्हा, ओल्या कागदात गुंडाळून.

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
लिटमसच्या पट्ट्या कापल्या. निळी, तांबडी.
पोरांना वाटायचं, जगात दोनच बाजू.
इथं सगळा खेळ दशांशाचा:
पीएच ८.३ असला की पोवळं कडेनं बांधत सुटतं,
७.८ ला हात आखडता घेतं.
मरत नाही. नुसतं बांधकाम थांबतं,
वाळूचे भाव चढल्यासारखं.

पहाटे आकडा सगळ्यात खाली असतो.
दिवे बंद, शेवाळ निजलेलं,
आणि आम्ही सोडलेला श्वास
पाण्याच्या पातळ कातडीतून आत शिरून
आंबट होत जातो.
हे प्रथम वाचलं तेव्हा
मी बराच वेळ तोंड मिटून बसलो होतो.

मे महिन्यात रेवती आली, जावई, दोन्ही पोरं,
शिवाय जावयाची आत्या, जिचं आधी ठरलं नव्हतं.
हॉलभर गाद्या. एसी. खिडक्या बंद.
धाकटा टाकीखालीच झोपला, तोंड उघडं टाकून.
सकाळी ७.७.
मी घाईघाईनं चिमटा आणखी सैल केला,
पाणी दुधी व्हायला लागलं,
आणि कुठून तरी बाबांचा आवाज: तोंड लांब ठेव.

धाकटा उठून बसला. आजोबा, हे वाढत का नाही?
तू श्वास घेतोस ना, म्हणून.
मला वाटलं मी गंमत केली.
त्यानं लगेच नाक चिमटीत धरलं,
गाल फुगवले, कपाळ काचेला टेकवलं,
आणि मी, मास्तरांचा माणूस, मोजत राहिलो.
तेविसापर्यंत.

कुंदा चहाचं भांडं तसंच ठेवून आली,
पश्चिमेची खिडकी सताड उघडली.
"वारो येव दे," म्हणाली.
"पोराक श्वास घेव दे."
माझ्याकडं बघितलं नाही.
दुपारपर्यंत आकडा आठच्या वर होता.
इतकंच करायचं होतं. खिडकी.

रेवती तीन जूनला गेली. जाताना गाद्यांच्या घड्या घालून गेली.
घरात आता दोन श्वास, त्यातला एक हलका.
८.१. मग ८.२.
मग खिडकी लावलेली असूनसुद्धा ८.३.
पोवळ्याला कड फुटली आहे,
तांदळाच्या कणीएवढी,
ताज्या चुन्याइतकी पांढरी.
रोज मोजतो. कुंदाला सांगत नाही,
तिला त्या आकड्याचा अर्थ कळतो.

काल धाकट्याचा फोन.
आजोबा, वाढलं?
वाढलं.
मग आता मी श्वास घेऊ?
घे, म्हटलं, मोठा घे.
पलीकडून फुंकरीसारखं काहीतरी आलं.
मी वळून यंत्राकडं पाहिलं.
आकडा हलला नव्हता.