छाटातली बिडी

परीक्षेला नेमलेली इंग्रजी कादंबरी
मी रात्री मोठ्यानं वाचते, मराठी करत करत,
निपाणीत, आमच्या दारापुढच्या कट्ट्यावर.
आईच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा,
शेजारी गंगव्वा, पलीकडं मेहरूनबी.
बोटं पानावर, कान माझ्याकडं.

कादंबरीतली बाई दिल्लीत राहते.
नवरा झोपला की गॅलरीत जाते,
सिगारेट पेटवते.
चार पानं नुसता धूर.
सर म्हणाले, इथं खूण करा, हमखास विचारतात:
धूर म्हणजे तिचं स्वातंत्र्य.

आईनं दोऱ्याचा फास आवळला.
‘जन्मात किती वळल्या असतील गं मी?
दिसाला हजार धर.
त्यातली एक ओढली न्हाई.
धूर मातूर हाय की आत,
खोकल्यात.’

शेवटी बाई दार उघडून निघून जाते.
‘कित्ते बजे?’ मेहरूनबीनं विचारलं.
पुस्तकात वेळ नव्हती.
‘मग बस कुठली घावली तिला?
तिकिटाला पैसे कुणाचे? पोरं कुणाकडं?’
पोरं नाहीत तिला, मी म्हटलं.
तिघी एकदम ‘हां’ म्हणाल्या,
अडलेला हिशेब जुळावा तशा.

एक शब्द सारखा आडवा येत होता, इमॅन्सिपेशन.
मुक्ती, मी सांगितलं.
आईचा हात थांबला. ‘मेली व्हय शेवटाला?’
मग गंगव्वासाठी कानडीत: बिडुगडे.
आईला त्यात बिडीच ऐकू आली.
गंगव्वा मात्र हसली नाही.
‘संपात धरून नेलं हिंडलग्याला, तीन दिवस.
सोडताना शिपाई ह्योच शब्द बोलला. बिडुगडे.’
पान कातरीत धरून ती जरा गप्प बसली.
‘खरं सांगू? आत होते तवाच बोटं मोकळी होती.
तीन दिवस नुसती झोपले.’

उठताना आईनं मुकादमानं छाटात टाकलेली
एक बिडी उचलली, हुंगली.
मला वाटलं, पेटवते आता.
तिनं ती पुस्तकात ठेवली,
बाई जिथं दार उघडते त्या पानात.
‘खूण ऱ्हाऊ दे. उद्या बघू कुठवर पोचली.’

पुस्तक परत केलं तेव्हा
ग्रंथालयातल्या बाईंना शिंका आवरेनात.
पेपरात प्रश्न आला, धुरावरच.
मी बसच्या वेळेचं लिहून आले.