रकाना अकरा

विम्याच्या अर्जात विचारलंय:
‘आपल्या हातून झालेली, पण अद्याप
उघडकीस न आलेली चूक – असल्यास नमूद करा.’

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागे
ती तीन मजली इमारत.
एकेक खांब ठोकत गेलो होतो
कान लावून, फणस पारखतात तसा.
जिन्याखालचा तेवढा
हुस्नबानू सोलकरांच्या तांदळाच्या पिंपाआड.
‘सरकवू काय?’ त्या म्हणाल्या.
पावसची एसटी सुटायची होती.
‘राहू दे,’ म्हटलं.
आणि अहवालात: समाधानकारक.

सात वर्षं झाली.
खारा वारा रजा टाकत नाही.
सळई आतल्या आत फुगते,
गिलाव्याला पत्ता लागायच्या आधी.

भागीदार खातू म्हणतो,
‘नाही’ लिही, हप्ता भर, मोकळा हो.
पन्नास लाखांचं संरक्षण.
कोणाचं, ते तो बोलत नाही.
मुदत आज रात्री बारापर्यंत.

रकाना कोराच ठेवून
हातोडी पिशवीत टाकली.

आता जिन्याखाली उभा आहे.
हुस्नबानू पिंप सरकवतात.
फरशीवर तांबूस गोल,
पिंपाच्या बुडाचा की खांबातून उतरलेला
ठोकल्याशिवाय कळायचं नाही.