मोहराचा वास

डॉक्टरांनी विचारलं, “वास येतो?”
मला वाटलं, कसला? औषधाचा? माझा?
म्हणालो, “नाही.”
“कधीच?”

कोल्हापूरच्या त्या खोलीत टेबलावर
शालनच्या फायलींची चळत,
तिच्या नळ्यांचे फोटो, तिच्या थायरॉइडचे कागद.
कुणकेश्वराच्या फेऱ्या कुठल्याच कागदावर नव्हत्या.
आठ वर्षं.
माझा कागद एकच, परवाचा,
त्यावर टंकलेलं शून्य.

कॉफीची बाटली नाकाशी धरली, मग लवंग.
कापूर धरला, तो नुसता झोंबला.
मी लहानपणापासून बघून बघून शिकलो होतो:
सुकटीपाशी पाहुणे नाक मुरडतात,
फणस फुटला की सगळे माजघराकडे वळतात,
आणि माघात बागेत शिरताना
बाबा थांबून डोळे मिटायचे,
म्हणून मीही मिटायचो.
कशासाठी, ते विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर मेंदू काढला,
तळाशी एक वाटाणा.
म्हणाले, वासाच्या नसा आणि हुकूम देणाऱ्या पेशी
आईच्या पोटात एकाच वाटेने चालतात,
नाकाकडून मेंदूकडे.
तुमच्या वाटेतच थांबल्या.
खाली सगळं आहे, घाडी,
वरून निरोपच आला नाही.

म्हणून आवाज असा.
म्हणून तिशी उलटली तरी वस्तरा कोरा,
आणि सड्यावरचे गडी हसायचे,
“मिशी खंय इसारलंस रे?”
मीही हसायचो. हंगामात गडी मिळत नाहीत.

गंमत बघा,
दर श्रावणात बुंध्याभोवती चर खणून
मीच कलमांना कल्टार घालतो.
पालवीचा जोर अडवला की मोहर लवकर धरतो.
हार्मोन हा शब्द मी कृषी अधिकाऱ्याकडून शिकलो,
झाडापुरता.
मोहरातली बहुतेक फुलं नरच असतात,
हेही तोच सांगून गेला.
गळतात. मोजत कोण बसतं?

आता फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीमागे कुप्या.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पोटाची चिमटी धरून शालन सुई टोचते.
आईला सांगितलंय, साखर आहे.
तेव्हापासून आई फिका चहा देते
आणि समोर बसून पिऊन घेते माझ्याकडून.

वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित नाहीच.
वास मात्र येणार नाही,
एवढं एक त्यांनी पक्कं सांगितलं.

काल, पाचव्या महिन्यात,
हनुवटीला पहिल्यांदा वस्तरा लागला.
रक्ताचा थेंब तसाच घेऊन बागेत गेलो.
विचारलं, “मोहराचो वास कसो असता?”
शालन बराच वेळ
अंगावरचे तुडतुडे झटकत राहिली.
“गोड,” म्हणाली. “पन उग्र.
दुपारचो लय झालो की माझा डोक्या उठता.”
मग पदराने हनुवटी पुसताना
जरा मागे सरली.
“आणि आधी न्हावन येवा.
तुमच्या घामाक आता वास येता.
आदी नाय होतो.”