प्रश्नावली क्रमांक सतरा

उदगीरला, देगलूर रोडच्या बंद पडलेल्या शिवणक्लासात
सहा आठवडे, शनिवार-रविवार.
फळ्यावर मॅडमनं लिहिलं : बाजारपेठ.
आम्ही चौदा जण. एक झांजवाला, दोन कीबोर्ड,
लग्नात माईक धरणारा एक पोरगा,
आणि मी, इरबा हलगीवाल्याची लेक.
मला वाजवता येत नाही.
(येत नाही म्हणजे, हातात दिली नाही कुणी.)

मॅडम म्हणाल्या, आधी मोजा.
मोजलं नाही ते विकायला गेलात
की समोरचा सांगेल तो भाव.
मी लिहून घेतलं. खाली दोन रेघा ओढल्या.

मग तीस माणसं, तीस कागद.
नाव. वाद्य. अनुभव, वर्षांत.
मागच्या सालच्या सुपाऱ्या किती,
इसार किती, उरलेले कधी.
बंडाप्पा सनईवाले म्हणाले, उरलेले?
नवरीला लेकरू झालं, लेकरू शाळंत गेलं,
उरलेले अजून उरलेलेच हाईत.
खाजामियाँनी क्लॅरिनेटची पत्ती
औषधाच्या डबीतून काढून दाखवली.
ये भी लिख बेटी, म्हणाले,
इसका खर्चा किसीने नै पूछा आजतक.
मोंढ्यात कॅसेटच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं.
मालक सांगत होता, पन्नास रुपयांत
कार्डात आठशे गाणी भरून द्यायचो,
त्यातली अकरा आपल्याच तालुक्यातली.
गाणाऱ्याला किती गेले?
तो हसला. हसण्याला रकाना नव्हता.

सतरावा कागद घरचा.
बाप अंगणात पाचट पेटवून हलगी शेकत बसलेला.
काय लिहूलालीस?
अभ्यास.
मग इचार की.

गिऱ्हाईक कोण? लग्नवाले, जत्रावाले,
पोळ्याला पाटलाचे बैल. मयतवाले.
लग्नाला किती, सांगितलं.
जत्रेला किती, सांगितलं.
पोळ्याला पायलीभर जवारी.
मयतीला?
त्यानं हलगी कानाजवळ नेली,
बोटानं एकदा टिचकावली,
पुन्हा जाळावर धरली.
मयतीला भाव नसतोय.
मग देतात काय?
देतेत. न्हाई बी देत. मागायचं नसतंय.
येता का, असं इचारत न्हाईत, बाई. चला, म्हणतेत.

मी शून्य लिहिलं. खोडलं.
शून्य म्हणजे फुकट,
आणि फुकट द्यायला आधी आपलं असावं लागतं.
आडवी रेघ ओढली. तीही खोडली.
मॅडमच्या हिशेबात रेघ म्हणजे माहिती नाही.
माहिती तर होती,
समोर उकिडवी बसली होती, हात काळे करून.

रविवारी मॅडम म्हणाल्या,
रिकामा रकाना चालत नाही.
कीबोर्डवाला म्हणाला, मयत काढूनच टाक,
ती काय बाजारपेठ आहे का.
झांजवाला खिडकीबाहेर बघत राहिला.
त्याचा कागद माझ्याकडं होता, नऊ नंबरचा.
त्यानं त्या जागी दोनशे लिहिले होते,
गिचमिड अक्षरात, खोटे.

मी रकाना काढला नाही. शेजारी आणखी एक आखला :
नाही म्हणता येतं का?
तीसही घरं पुन्हा फिरले, पायी, चैत्राच्या उन्हात.
सव्वीस जणांनी उत्तराआधी
दाराकडं बघितलं.
मी तेही मोजलं.

शेवटच्या आठवड्यात दरपत्रक छापलं,
झेरॉक्सच्या दुकानात, पिवळ्या कागदावर.
लग्न, दोन तास. पुढच्या प्रत्येक तासाला जादा.
जाण्यायेण्याचं वेगळं. इसार निम्मा, पावती मिळेल.
चौथी ओळ कोरी ठेवली.
बापाला वाचता येत नाही,
त्यानं घडी घालून हलगीच्या पिशवीत सारलं,
वर म्हणाला, पिवळं चांगलं दिसतंय.

परवा पहाटे फोन वाजला.
त्यानं उचलला, दोन शब्द ऐकले, आणि म्हणाला,
थांबा जरा, लेकीकडं देतो.
पहिल्यांदाच.
कशासाठी पाहिजे, मी विचारलं,
कागदावरचा पहिला प्रश्न तोच असतो.
तिकडं मागं बाया रडत होत्या.

इकडं बाप उठलाच होता,
पाचटाचा भारा ओढत,
काडेपेटी दातांत धरून.

थांबा, मी म्हणाले.
दोघांनाही.